टाक्याला पावणेदोन पैसे

इंदुरात भाव विचारायला कोणी लाजत नाही आणि सांगायलाही लाजत नाही. सराफ्यात दिवसा तोळ्याचा भाव चालतो, रात्री दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर गराडूच्या प्लेटीचा. सीतलामाता बाजारात साडीचा भाव आधी सांगतात, मग गिऱ्हाईक पायरी उतरू लागलं की दुसरा सांगतात आणि कोपऱ्यावर पोचलं की पोऱ्या पाठवून तिसरा. माझी तर सगळी नोकरी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात, म्हणजे आमच्या भाषेत ‘एमटी’त, मुनीमगिरी करण्यात गेली. थान, गाठी, दलाली, वटाव हे शब्द मला रामरक्षेइतके पाठ. हाताला कापड लागलं की तोंडातून भाव बाहेर पडायचा.

अशा माणसाच्या घरात, तो निवृत्त झाल्यावर, त्याच्याच बायकोने अशी एक वस्तू बनवायला घेतली की तिचा भाव कोणी विचारला की तो पाणी आणायला आत जाऊ लागला. ती वस्तू म्हणजे गोधडी.

हिची गोधडी कशी होते ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. हॉलमधला टीपॉय गॅलरीत जातो. टीपॉयपाठोपाठ मीही. मग फरशीवर अस्तर पसरायचं, त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, अडकित्ता आणि माझा जुना सालारजंगी कॅल्क्युलेटर ठेवायचा. त्यावर पोटाला जुन्या सुती साड्यांचे थर. मऊ पडलेली महेश्वरी मिळाली तर ही ती गालाला लावून बघते आणि मग पोटात न घालता वरच्या बाजूला घेते. वरती ठिगळांची चौकट, त्यात ती रंग लावत बसते, उचलते, पुन्हा लावते. जांभळ्याशेजारी पोपटी बरा की मोरपंखी, यावर माझं मत विचारलं जातं आणि त्याच्या बरोबर उलट केलं जातं. कडा टाचल्या की काठापासून आत धावदोरा सुरू. सुई चार थरांतून खाली जाते, वर येते, बोटावरचं अंगुस्तान टिक् वाजतं, मधेच एखादा जाड काठ आला की सुई मोडते आणि मला बाजारात धाडलं जातं. दोन ओळींत अंतर एका बोटाचं. ते बोट तिचं. माझं बोट लावून बघितलं तर ओळी विरळ पडतात म्हणे.

पहिल्या गोधड्या नातवंडांना गेल्या. मग लोकमान्यनगरातल्या एका ओळखीच्या बाईंनी बघितली आणि त्या म्हणाल्या, “काकू, मला एक करून द्या ना. पैसे देईन हं!” हे ‘पैसे देईन हं’ फार घातक. त्यात पैसे द्यायची तयारी असते, पण किती, हे आपण सांगायचं असतं. ही म्हणाली, “अहो, तुम्ही सांगा. तुमचंच खातं आहे.” मी पाणी आणायला आत गेलो. तोवर हिनेच घाईघाईत “पाचशे द्या” म्हणून टाकलं. बाई खूश. इतक्या खूश, की मला संशय आला.

रात्री मी हिशेबाला बसलो. पाच फूट बाय साडेसात फूट गोधडी. इंच केले तर साठ बाय नव्वद. बोटभर अंतर म्हणजे पाऊण इंच, तेव्हा ओळी ऐंशी. प्रत्येक ओळ नव्वद इंचांची, म्हणजे सगळा धावदोरा 7,200 इंच. इंचाला चार टाके. एकूण 28,800 टाके. पाचशे रुपयांना 28,800 ने भागलं. टाक्याला पावणेदोन पैसे! सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून काढून टाकली. म्हणजे आमच्या घरात ज्या दराने मजुरी घेतली जात होती, त्या दराचं नाणंच भारतात नव्हतं. आणि दोरा, अस्तर, सुया अजून मी धरलेल्याच नव्हत्या.

मग मी रीतसर कागद केला. मिनिटाला सहा टाके धरले तर ऐंशी तास. साड्या धुणं, फॉल उसवणं, इस्त्री, कापणं, जोडणं याचे आणखी वीस. एकूण शंभर तास. आता तासाला काय धरायचं? मी सरकारी दराला हात घातला. मध्य प्रदेशात अकुशल कामगाराचं किमान वेतन महिन्याला बारा हजारांच्या घरात. सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे तासाला अठ्ठावन्न रुपये. मजुरी पाच हजार आठशे. मोठ्या अभिमानाने मी कागद हिच्यापुढे धरला. हिने चष्मा लावून वाचला आणि एकाच शब्दावर बोट ठेवलं.

“अकुशल?”

“अगं, ते सरकारी वर्गीकरण आहे.”

“मग सरकारला म्हणावं, एक ओळ सरळ घालून दाखव.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पोह्यांवर शेव आली नाही. इंदुरात याचा अर्थ काय होतो, ते इंदूरकरांनाच कळेल. मी कागद फाडला आणि कुशल कामगाराच्या दराने नवा केला. पंधरा हजारांच्या घरातलं वेतन, तासाला बहात्तर, मजुरी सात हजार दोनशे. अस्तर, दोरा, सुया, नवी ठिगळं मिळून नऊशे. एकूण आठ हजार शंभर. चौरस फुटावर बसवायचं तर गोधडी साडेसदतीस चौरस फूट, दर सव्वादोनशे, किंमत आठ हजार चारशे सदतीस रुपये पन्नास पैसे. नफा तीनशे सदतीस रुपये पन्नास पैसे. यातले पन्नास पैसे तरी अजून कायदेशीर चलन आहेत, एवढं समाधान.

आकडा बरोबर होता. प्रश्न एवढाच की तो गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर उच्चारायचा कोणी? एमटीत मी लाखाचा भाव न अडखळता सांगत असे, कारण ते कापड शेठजींचं होतं. स्वतःच्या बायकोच्या बोटांचा भाव सांगायचा म्हटलं की मी आपोआप “बघा, तुमच्या मनाला येईल ते” या मराठी संस्कारावर घसरतो. हे वाक्य धंद्यात बोलू नये, असा कायदा व्हायला हवा.

गिऱ्हाइकांचेही प्रकार कळत गेले. सगळ्यांत कठीण ते ‘कापड आमचंच’ म्हणणारे. सासूबाईंच्या साड्यांचं गाठोडं आणून ठेवतात आणि म्हणतात, “साड्या तर आमच्याच आहेत काकू, मग फक्त शिलाईच ना?” त्या ‘फक्त’मध्ये 28,800 टाके असतात. ही शांतपणे म्हणाली, “कापडच हवं असेल तर साड्या तशाच पांघरा की.” शेजारच्या भाभी दुसऱ्या पंथाच्या. त्यांना आकडा ऐकवला तर म्हणाल्या, “हाय राम, इत्ते में तो पानीपत के चार कंबल आ जाते!” हिने तोंडावरची रेष न हलवता सांगितलं, “तो ले आओ भाभी, चारों एक साथ ओढ़ लेना।” भाभींनी जाताना पापडाचं पीठ परत मागितलं.

तिसरे भावुक. हे आईच्या शेवटच्या साड्या घेऊन येतात, प्रत्येक साडीची गोष्ट सांगतात. ही दिवाळीची, ही मुंजीतली, हिच्यावर चहा सांडला होता तो डाग मुद्दाम वर घ्या. बोलता बोलता डोळे भरतात, हिचेही भरतात, मी पाणी आणतो. आणि डोळे पुसता पुसता विचारतात, “थोडं कमी नाही का होणार?” माझ्या अनुभवात ओल्या डोळ्यांनी केलेली घासाघीस सगळ्यांत चिवट असते. तिथे ‘नाही’ म्हटलं की आपण त्यांच्या आईलाच नाही म्हटल्यासारखं वाटतं.

आणि चौथे नातेवाईक. त्यांच्याविषयी मला लिहायचं नाही, कारण हे ते वाचतील. एवढंच सांगतो, “घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे” हे वाक्य आमच्या घरात नेहमी घेणाऱ्याने उच्चारलं आहे, देणारीने कधीच नाही.

पुण्याची पुतणी सुटीला आली तेव्हा तिने प्रकरण हातात घेतलं. “काका, तुम्ही वस्तू विकताय. स्टोरी विका.” तिने लॅपटॉपवर अमेरिकेतल्या अलाबामातलं ‘जीज बेंड’ नावाचं खेडं दाखवलं. नदीच्या वळणात अडकलेली गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती, तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. 1966 मध्ये त्यांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. त्या सुमारास एका पाद्र्याने दहा-दहा डॉलरला गोधड्या विकत घेऊन न्यूयॉर्कला लिलावात नेल्या होत्या. 2002 मध्ये त्याच वस्तीतल्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाच्या भिंतींवर चित्रांसारख्या टांगल्या गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. ही सगळं लक्ष देऊन बघत होती. एका गोधडीवर ती पुढे वाकली. “ही ओळ वाकडी गेलीय.” पुतणी म्हणाली, “काकू, तीच तर गंमत आहे, कला आहे ती.” ही म्हणाली, “असेल. मी उसवली असती.” मी विचारलं, तिकीट कितीचं होतं? एकोणचाळीस सेंटांचं. म्हणजे संग्रहालयात जाऊनही गोधडी शेवटी किरकोळ भावातच सापडली, असं मला वाटलं, पण पुतणीला ते निराशावादी वाटलं.

तिच्या आग्रहाने न्यू जर्सीच्या एका भाच्याकडून ऑर्डर आली. डॉलर! मी कुरिअरच्या दुकानात गेलो. गोधडी तीन किलोची. खोका पन्नास बाय चाळीस बाय पंचवीस सेंटिमीटर. मुलाने तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून पाच हजारांनी भागलं आणि म्हणाला, “अंकल, दस किलो का लगेगा।” मी म्हटलं, तीन किलोची वस्तू दहा किलोची कशी? तर म्हणाला, विमानात जागा मोजतात. गोधडीत सात किलो हवा होती आणि तिचेही पैसे आम्हीच भरायचे होते. शेवटी ती गोधडी एका ओळखीच्या आजींच्या बॅगेतून गेली. त्या आजींनी रीतीप्रमाणे एक दुपटं मागून घेतलं, तेही घरचंच धरून.

पण पुतणीचं एक म्हणणं मात्र मी ताबडतोब मान्य केलं. निम्मे पैसे आगाऊ. या बाबतीत इंदूरच्या माणसाला अमेरिकेचा दाखला लागत नाही. इथली हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा धनादेश निघाला तो डिसेंबर 2023 मध्ये. सुमारे 4,800 कामगार, 224 कोटींची रक्कम, मधे बत्तीस वर्षं. कितीतरी जणांच्या वाट्याचे पैसे घ्यायला त्यांची मुलं किंवा बायका गेल्या. त्या मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या शहरात “शिलाईचे पैसे मागाहून देते हं” असं कोणी म्हटलं, तर मी हसून आत जातो, या वेळी पाणी आणायला नव्हे, पावतीपुस्तक आणायला.

जीएसटीचीही चौकशी केली. मालाच्या धंद्याला वर्षाकाठी चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मी आकडेमोड केली, तर तिथवर पोचायला वर्षात 475 गोधड्या शिवाव्या लागतील. हिला सांगितलं. ही म्हणाली, “बघू, तुम्ही सुया ओवून दिल्यात तर.” तेव्हापासून सुया ओवायचं काम माझ्याकडे आहे. अकुशल वर्गात.

पाटी मात्र हिनेच लिहिली. भाव वाचून लोक दोन पावलं मागे सरतात, चष्मा पुसतात, पुन्हा वाचतात. काही निघून जातात. त्याची हिला हळहळ वाटत नाही, मला वाटते, कारण एमटीत आलेलं गिऱ्हाईक सोडणं पाप. पण गंमत अशी की पाचशे रुपये होते तेव्हा गोधडी न्यायला आलेली माणसं तिची घडी बोचक्यासारखी काखेत मारून न्यायची. आता तीच गोधडी उलगडतात, उलटी करून मागचे टाके बघतात, ओळीवरून बोट फिरवतात आणि विचारतात, “काकू, हे सगळं हातानं?” कोणी मागची बाजू बघितली की ही आपणहून चहा टाकते. आठ हजारांत तो धरलेला नाही.

तर इंदूरकरांसाठी सध्याचा भाव असा. हाताची गोधडी चौरस फुटाला 225 रुपये, निम्मे आगाऊ. साड्या धुऊन, फॉल उसवून आणाव्यात. जरीची आणू नये, टोचते. उरलेल्या तुकड्यांचा हिशेब विचारू नये, त्यांची दुपटी होतात. संक्रांतीपर्यंतच्या ऑर्डरी भरल्या आहेत. नातेवाइकांना भाव तोच, मात्र त्यांनी येताना स्वतःचं अंगुस्तान आणलं आणि दिवसाला दहा ओळी घातल्या, तर तेवढी मजुरी वजा करून मिळेल. आजवर कोणी आलेलं नाही.