तीनशे वीस पिक्सेलचा माणूस

हिंजवडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत तो हमखास सापडतो. पदनाम काहीही असो, त्याचा खरा छंद एकच: ब्राउझरची खिडकी कडेला धरून आत ढकलायची, बाहेर ओढायची, परत आत ढकलायची. बँकेचं पान असो की मेव्हण्याच्या लग्नाची ऑनलाइन पत्रिका, मजकूर वाचण्याआधी हा सोहळा. ३२० पिक्सेलला, म्हणजे पहिल्या आयफोनच्या रुंदीला, पान आडवं सरकायला लागलं की तो खूश. दुसऱ्याची चूक सापडली!

इथन मार्कॉटचं नाव तो घरच्या वडीलधाऱ्यासारखं घेतो. या गृहस्थाने मे २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला आणि एकच पान फोनवर नि मोठ्या पडद्यावर बसवायची रीत घालून दिली. एका लेखाने इतक्या जणांच्या पोटापाण्याची सोय क्वचितच केली असेल.

त्याची रोजची झटापट मात्र वेब-पानावरच्या कार्डांशी. कार्ड म्हणजे वर फोटो, मध्ये शीर्षक नि दोन ओळी, तळाला 'अधिक वाचा'. नमुन्याचा मजकूर आहे तोवर सगळं छान. कार्डं मांडणाऱ्या ग्रिडला ऑटो-फिट आणि मिनमॅक्स सांगितलं, की खिडकी आवळेल तशी चार कार्डांची रांग तिनाची, मग दोनाची होते. हे दृश्य तो ऑफिसभर दाखवत फिरतो.

मग एखाद्या शिक्षणसंस्थेचा खरा मजकूर येतो. एका कार्डावर 'पुणे', शेजारी 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस शाखा'. बटणं जिन्याच्या पायऱ्यांसारखी वरखाली. तो कार्डाला उभं फ्लेक्स करतो, बटणाला 'मार्जिन-टॉप: ऑटो' देतो, बटणं मुकाट तळाला बसतात. पुढचं संकट लिपीचं. डिझायनरने इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लाइन-हाइट आवळलेली, त्यात ओव्हरफ्लो हिडन. 'कीर्ती'चा रफार छाटला जातो. आणि सर्वात नाजूक मामला अध्यक्षांचा. उभा फोटो आडव्या चौकटीत 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर'ने बसवला, की मधलाच भाग उरतो. साहेबांचा हार दिसतो, साहेब नाहीत. 'ऑब्जेक्ट-पोझिशन: टॉप' ही एक ओळ घातल्यावर अध्यक्षांना डोकं परत मिळतं, आणि बिलही मंजूर होतं.

चहाच्या टपरीवर मात्र विषय कंटेनर क्वेरीचा. पूर्वी कार्ड साऱ्या खिडकीची रुंदी विचारायचं, म्हणून अरुंद कोपऱ्यात ठेवलं तरी ऐसपैस पसरू पाहायचं. आता ते आपल्याला मिळालेल्या जागेपुरतं वागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्समध्येही ही सोय आली, तेव्हा त्याने पदरच्या पैशाने सगळ्यांना क्रीमरोल दिले. कशाबद्दल, ते कुणाला कळलं नाही, क्रीमरोल संपले.

घरी आईने स्थळांच्या अ‍ॅपवर एक मुलगी दाखवली.

"कशी वाटली रे?"

"आई, फोटो ताणलाय. ऑब्जेक्ट-फिट दिलेलंच नाही त्यांनी."

"हे मी त्यांना फोनवर नाही हं सांगणार," आई म्हणाली आणि पुढच्या स्थळाकडे वळली.