पैलवानाची पेन्शन

ब्लड बाऊल हा खेळ इंग्लंडात १९८६ साली निघाला. गुरुकुंज मोझरीत तो पोचायला आमच्या भाच्याला पुण्यात नोकरी लागावी लागली. पटावर अमेरिकन फुटबॉलचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा बाहुले, तेही ऑर्क, बुटके, टोकदार कानांचे एल्फ. चेंडू पलीकडच्या रेषेपार न्यायचा, वाटेत येईल त्याची हाडं मोडायची आणि न्यायनिवाडा फाशांवर सोडायचा. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली जिथं आश्रम उभारला, त्या गावात आमच्या ओसरीवरून रात्री आरोळी उठू लागली, "पाड त्याले, सोडू नको बे!"

खरी भानगड सामन्यानंतरची. चेंडू पार नेणाऱ्याच्या नावावर तीन गुण जमा होतात. गुण साठले की त्याला नवं कसब मिळतं, आणि ते पुढच्या सामन्यातही त्याच्यापाशीच राहतं. भाच्याचा एक ऑर्क असा माजला की त्याचं नावच पैलवान पडलं. तो नुसता सरकला तरी माझे एल्फ स्ट्रेचरकडे बघायचे.

महाराजांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामसफाईपासून लग्नापर्यंत सगळं आहे, माजलेल्या ऑर्काचा इलाज तेवढा नाही. तेव्हा घरचे कायदे करायला बैठक बसली.

मी म्हटलं, प्रत्येक नव्या कसबाबरोबर वयाचा फासा टाका. पडला वाईट, तर गुडघा गेला. जुन्या नियमांत अशी तरतूद खरंच होती. पण पोरगं मरमर करून वर यावं आणि त्याच दिवशी त्यानं कंबर धरावी, हे कुणालाच रुचेना, म्हणून ती पुढं काढून टाकली. वहिनींचं म्हणणं, पैलवानाचा खुराक वाढवा, संघाची तिजोरीच रिकामी होऊ द्या. घर चालवणाऱ्या बाईचा उपाय तो.

थोरले भाऊ निवृत्त गुरुजी. ते म्हणाले, "मले अठ्ठावन्नाले घरी बसवलं. याले काऊन नाही?"

"मंग पेन्शन द्या ना, मामाजी!" भाचा उसळला.

"तुहा पैलवान नोव्हेंबर २००५ नंतरचा. त्याले जुनी पेन्शन लागू नाही."

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. खेळाच्या २०२० च्या आवृत्तीत तो काढणाऱ्या कंपनीनंही खेळाडूला सहाच बढत्यांची मर्यादा घातली आहे. आम्ही सहावीबरोबर शाल-श्रीफळ जोडलं. पैलवान रिटायर झाला, त्याच्या जागी नवं पोट्टं आलं. याहून बरा कायदा कुणापाशी असेल तर जरूर कळवा, मात्र तो हरणाऱ्यानं केलेला नसावा.