साहसवीराची गरम सीट

साहस म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे धूळ, खड्डे आणि बंद पडलेली गाडी ढकलणारा माणूस येतो. इटलीत बोलोन्याच्या डुकाटी कंपनीने 2020 साली ‘मल्टिस्ट्राडा व्ही4’ आणली आणि यातली एकेक गैरसोय निगुतीने दूर केली. मल्टिस्ट्राडा म्हणजे अनेक रस्ते. गाडी सगळ्या रस्त्यांवर चालते. मालक कुठल्या रस्त्याला लागतो ते त्याच्या घरच्यांना विचारा.

गाडीला रडार बसतं. एक पुढे, एक मागे. पुढचं पुढच्या गाडीपासून अंतर राखतं, मागचं आरशात न दिसणाऱ्या गाडीची वर्दी देतं. कंपनीचा जन्मच 1926 मध्ये रेडिओचे सुटे भाग बनवायला झालेला. शंभरीच्या उंबरठ्यावर पुन्हा लहरींची लहर आली म्हणायची.

खरी गंमत सीटखाली आहे. 1158 सीसी, 170 अश्वशक्ती, चार सिलिंडर. त्यातले मागचे दोन थेट स्वाराच्या मांड्यांपाशी. सिग्नलला थांबलं की तिथे तवा तापणार. म्हणून थांबल्यावर ते दोन आपोआप निजतात. शाबास! पण वरचे पैसे मोजले तर याच गाडीला गरम होणारी सीटही मिळते. म्हणजे कंपनीतलं एक टेबल बूड भाजू नये म्हणून राबतंय आणि शेजारचं टेबल ते शेकायला. दोघांची जेवणाची सुट्टी बहुधा वेगळी असावी.

धर्म मात्र बुडाला. व्हॉल्व्ह स्प्रिंगने नव्हे, कॅमनेच मिटवायचा, ही डुकाटीची ‘डेस्मो’ परंपरा. या इंजिनात तिला सोडचिठ्ठी देऊन चारचौघांसारख्या स्प्रिंगा घातल्या. भाविक हळहळले. बदल्यात व्हॉल्व्हची तपासणी थेट 60,000 किलोमीटरवर गेली. दर रविवारी नाश्त्याला जाऊन-येऊन 80 किलोमीटर मारणाऱ्याला तिथवर पोचायला चौदा वर्षं लागतील. तेवढ्यात रामाचा वनवास आटोपला होता.

बाकी गाडीच्या तोंडाला ती पुढे आलेली चोच कशासाठी, हे आम्हाला कळलेलं नाही. दाणे टिपताना गाडी अजून कोणी पाहिलेली नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी आधी घरी भिंतीवर 840 मिलिमीटरवर खूण करावी. सीट तेवढी उंच आहे. पाय जमिनीला टेकत असतील तरच पुढे बोलणी करा, कारण 240 किलोंचं धूड कलंडलं की रडार उचलायला येत नाही.