फडक्याला न्याय मिळाला

पुसण्याच्या कामाला अखेर प्रतिष्ठा मिळवून दिल्याबद्दल ॲपल कंपनीचे जाहीर अभिनंदन. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने स्क्रीन पुसायचे फडके बाजारात आणले. भारतात किंमत १,९०० रुपये. मऊ, चौकोनी, कोपऱ्यात सफरचंद उठवलेले.

हे फडके कोणकोणत्या उपकरणांना चालते, याची अधिकृत यादीही कंपनीने दिली. नाहीतर भोळीभाबडी माणसे त्याने चष्मा पुसून बसायची! आमच्याकडचा फाटका बनियन टीव्हीपासून स्कूटरपर्यंत सगळीकडे फिरतो. त्याची अशी यादी नाही, म्हणूनच त्याला भाव नाही. या फडक्यासाठी मात्र ग्राहकांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. तोवर धूळ स्क्रीनवर शिस्तीत बसून राहिली.

आता त्याची ‘प्रो’ आवृत्ती यावी, जुने फडके दिल्यास नव्यावर सवलत मिळावी आणि फडके पुसायचे फडके वेगळे विकावे, ही नम्र सूचना.

इलॉन मस्क यांना मात्र ही उधळपट्टी पाहवली नाही. असल्या फडक्यावर पैसे घालवू नका, असे त्यांनी लोकांना बजावले. त्यापेक्षा टेस्लाची शिट्टी घ्या. किंमत ५० डॉलर.

तीही हातोहात संपली.