नाकाने कांदे सोलणारे

नाशिकला गंगापूर रोडवर सोसायटी तिथे एक वाइनवाले काका असतात. बँकेतून किंवा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले, मुलगा परदेशी. पूर्वी पाहुणे आले की काका त्यांना पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि वणीची देवी घडवायचे. आता गंगापूर धरणाजवळची वायनरी हे चौथं ठाणं झालंय. तिथे एकदा 'टेस्टिंग' करून आल्यापासून काकांच्या नाकाला कायमचा रोजगार मिळाला. कांद्याच्या जिल्ह्यात नाकाने कांदे सोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, काकांनी फक्त पीक बदललं.

त्यांची मर्जी सोव्हिन्यों ब्लांवर. शेवटचा अनुस्वार ते नाकातून इतका लांबवतात, की नवख्या माणसाने वाफारा घ्यायला सुचवावं. ग्लास दांडीलाच धरायचा, हाताच्या उबेने वाइन बिघडते. आठ ते दहा अंश तापमान हवं, म्हणून बाटली फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी आडवी निजते आणि पाहुणे येण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर येते. पाहुण्याने बर्फ मागितला तर काका असे बघतात, की तो पुढे पाणीसुद्धा मागत नाही. घरात आजी आहेत. त्यांच्यापुरतं बाटलीचं नाव 'द्राक्षासव'. आजींना आयुर्वेदावर श्रद्धा असल्यामुळे त्या "मला का नाही देत रे?" असं विचारतात, आणि काकांची वाचा बसते.

इतिहासही ऐकावा लागतो. त्या वायनरीच्या राजीव सामंतांनी १९९७ साली इथे सोव्हिन्यों आणि शेनिन ब्लां लावली, तेव्हा आपल्याकडे द्राक्ष म्हणजे खायचं थॉमसन. काका हे अशा थाटात सांगतात, की खड्डे यांनीच खणले असावेत. प्रत्यक्षात त्यांच्या चुलतभावाची पिंपळगावला बाग आहे, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की तो भाऊ रात्रभर झोपत नाही. तो वाइन पीत नाही. "तुमचं ते चाखणं झालं की मला डावणीचं औषध सांग," एवढंच म्हणतो.

मग वास. काका ग्लास घोळवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "गूजबेरी... नुकतं कापलेलं गवत..." गूजबेरी काकांनी जन्मात खाल्लेली नाही. एकदा काकूंनी पोळ्या लाटता लाटता ग्लास नाकाशी नेला आणि सांगितलं, "ढोबळी मिरची चिरल्यासारखा येतोय." काका खजील झाले, कारण या द्राक्षाच्या वासाचं खरं वर्णन तेच. ज्या द्रव्यामुळे मिरचीला तो हिरवा वास येतो, त्याच जातीचं द्रव्य या द्राक्षात असतं. तेव्हापासून पाहुण्यांसमोर 'बेल पेपर' हा शोध काकांच्या नावावर आहे.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूचा. या वाइनबरोबर चीजचे चौकोन कशाला? काकूंची कोथिंबीर वडी, गरम साबुदाणा वडा किंवा रव्यात घोळून तळलेलं पापलेट आणा. लिंबाची फोड तळणाचा तेलकटपणा जसा कापते, तसा या वाइनचा आंबटपणा कापतो, आणि कोथिंबिरीच्या हिरव्या वासाशी तिची आपसूक गट्टी जमते. साबुदाणा वड्यात एकच अडचण: तो एकादशीला तळला जातो, आणि त्या दिवशी काका वाइनकडे फक्त बघतात.

मागच्या रविवारी पुण्याचा जावई आला. त्याला घेऊन आम्ही चुलीवरच्या मिसळीला गेलो. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, शेजारी पापड. जावयाने मुद्दाम विचारलं, "मामा, हिच्याबरोबर कुठली?" काकांनी रश्श्याचा वास घेतला. शेनिन म्हणावी, ती जराशी गोडसर असते. पण या तर्रीवर अल्कोहोल ओतलं तर तिखटाचा भडका उडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काका बराच वेळ गप्प बसले.

"ताक," ते शेवटी म्हणाले.

पोऱ्याने पेला आणला. काकांनी तो सवयीने घोळवला, थोडं ताक शर्टावर घेतलं, पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटून म्हणाले, "जिरं."

बरोबर होतं.