मुसा गुरुजी

माकणी हे नाव उच्चारले असता लोहारा तालुक्याबाहेरच्या माणसाला काही आठवलेच तर तेरणेवरचे धरण आठवते, आणि ज्याला पाटबंधारे खात्याशी कर्तव्य नाही त्याला तेही आठवत नाही. अशा गावात, पुण्याचे बिऱ्हाड मोडून परतलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त कारकुनाने, ओसरीवर जमणाऱ्या पहिली ते चौथीच्या पोरांना फ्रेंच भाषा शिकवावी, या वर्तनाला समंजस असे कोणतेही कारण देता येण्यासारखे नाही, आणि मी ते कधी दिलेलेही नाही. तरुणपणी कचेरी सुटल्यावर खोलीवर जाऊन एकट्याने स्टोव्ह पेटविण्यापेक्षा फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषेच्या वर्गात पंख्याखाली बसणे मला अधिक सुखावह वाटे. तेथे जर्मनच्या खिडकीपुढची रांग लांब होती आणि फ्रेंचची आखूड, एवढ्याच तात्त्विक भूमिकेवरून मी मोलियेरच्या भाषेचा स्वीकार केला.

पालकांनी पहिला प्रश्न केला तो तुळजापूरच्या नवोदय विद्यालयासंबंधी.

"गुर्जी, हे नवोदयच्या परीक्षेला इचारतेत का?"

"नाही."

"मग स्कॉलरशिपला?"

"तेथेही नाही."

"मग पोरं येतेत कशाला?"

या प्रश्नावर मी पुष्कळ चिंतन केले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेत काही वर्षांपूर्वी मुलांना परकीय भाषा निवडावयास सांगितले, तेव्हा त्यांनी यंत्रमानवाच्या ओढीने जपानी भाषा मागितली आणि तिची वार्ता वृत्तपत्रांतून सर्वत्र झाली. आमच्या पोरांना निवडीचा अधिकार नव्हता, कारण माझ्याजवळ दुसरी भाषाच नव्हती. ती येत असत, याचे खरे कारण माझ्या मते हे, की या भाषेत कोणी त्यांची परीक्षा घेणार नव्हते.

हे सुख आमच्या मुलुखाला नवीन आहे. येथे भाषा नेहमी फर्मानाबरोबर आल्या. निजामाच्या दफ्तरात आधी फार्सी होती, नंतर उर्दू आली, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत माझ्या आजोबांसारख्या शेतकऱ्याला सारामाफीचा अर्ज उर्दूनवीस कारकुनाकडून दोन आणे देऊन लिहवून घ्यावा लागे. साऱ्याची नोटीस मात्र त्यांना भाषांतरावाचून समजत असे. पुढे महाराष्ट्र झाला, आणि २००० सालापासून इंग्रजी पहिलीत येऊन बसली. अगदी अलीकडे, १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने हिंदी पहिलीपासून अनिवार्य झाली, १७ जूनच्या निर्णयाने ती 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा उरली, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. मधल्या निर्णयात अशी सवलत होती की एका इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांनी इच्छा दर्शविल्यास त्यांना हिंदीऐवजी दुसरी एखादी भारतीय भाषा शिकता येईल. माझ्या ओसरीवर सर्व इयत्तांची गोळाबेरीज करूनही एवढी मंडळी भरत नसल्यामुळे, आणि फ्रान्स हे राष्ट्र भारतीय संघराज्यात अद्याप सामील झालेले नसल्यामुळे, आमचा वर्ग या तिन्ही तारखांतून निर्वेधपणे पार पडला.

वास्तविक फ्रेंच माणूस या प्रांताला परका नव्हे. सेनापती बुसी १७५१ मध्ये निजामाबरोबर औरंगाबादेस दाखल झाला. त्याच्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत मराठ्यांकडून तोफा चालवीत होता. आणि १७९५ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे खर्ड्याला मराठे व निजाम समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा निजामाच्या कवायती पलटणींचा सरदार रेमंड होता आणि शिंद्यांच्या पलटणींचा पेराँ. म्हणजे जय मराठ्यांचा झाला असो, पराभव निजामाचा झाला असो, पगार दोन्ही बाजूंनी फ्रेंचांनाच मिळाला. हे मी पोरांना सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात या भाषेविषयी प्रथमच खरा आदर उत्पन्न झाला.

मला 'मस्यो' म्हणावे अशी मी शिस्त घालून दिली होती. तिसऱ्याच दिवशी तिचे 'मुसा' झाले, आणि मी दुरुस्ती करण्याच्या बेतात असताना आठवले की पेशवाईतील चतुर लेखकांनीही बुसीला आपल्या पत्रांतून 'मुसा बुसी' असेच लिहिले आहे, आणि हैदराबादेतील मुसारामबाग ही वस्ती मस्यो रेमंडच्याच नावाने ओळखली जाते असे सांगतात. इतिहासाने शिक्कामोर्तब केलेला उच्चार मी कोण दुरुस्त करणार? तेव्हापासून गावात मी मुसा गुरुजी आहे.

आता अध्यापनाविषयी. पुण्याच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारे, कॉन्व्हेंटातून आलेले सुविद्य तरुण फ्रेंच 'त' चा 'ट' आणि 'द' चा 'ड' करीत आणि आमच्या बाई कपाळाला हात लावीत. माकणीच्या पोरांची जीभ पहिल्या दिवशीच दातांवर नेमकी टेकली. ज्याला अनुस्वार ठाऊक आहे त्याला अनुनासिक स्वरांचे भय नाही. इंग्रज विद्यार्थी ज्या ठिकाणी हटकून रडकुंडीला येतो ते लिंगप्रकरणही आम्ही एका बैठकीत उरकले. मेज स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, असे एकानेही विचारले नाही. कारण ज्यांच्या चेहऱ्यावरच डोळा पुल्लिंगी, जीभ स्त्रीलिंगी आणि नाक नपुंसकलिंगी आहे त्यांना या विषयात विस्मय कसला वाटावा? नपुंसकलिंग फ्रेंचांकडे नाही, हे ऐकून उलट त्यांना त्या राष्ट्राची किंचित कीव आली. हरकत आली ती फक्त एका जागी. फ्रेंचांचा चंद्र स्त्रीलिंगी आहे, असे मी सांगताच चौथीतली एक मुलगी तटकन उठली.

"चांदोबा मामा हाय. मामी कशी हुईल?"

यावर माझ्या व्याकरणात उत्तर नव्हते. तडजोड म्हणून फ्रान्समध्ये मामी उगवते आणि माकणीत मामा, असे ठरले.

'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेदही मला शिकवावा लागला नाही. देवाला काय म्हणायचे, एवढी एकच शंका निघाली; फ्रेंच लोक प्रार्थनेत देवाला 'तू'च म्हणतात, असे कळल्यावर, म्हणजे आपल्या विठोबासारखेच, असे म्हणून त्यांनी ते प्रकरण मिटविले.

अक्षरांवर मात्र गाडी अडली. शब्दाच्या शेवटी चार अक्षरे लिहावयाची आणि त्यांतील तीन गिळावयाची, ही रीत ज्यांची लिपी पै-पैचा हिशेब चोख देते त्यांना पटेना.

"वाचायचंच न्हाई तर लिवायचं कशाला, मुसा?"

मी शाळेच्या हजेरीपटाचा दाखला दिला. दिवाळीनंतर निम्म्या पोरांचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात, पोरेही त्यांच्याबरोबर जातात, आणि पटावर नावे तशीच राहतात. फ्रेंच शब्दांचेही तसेच आहे. हे त्यांना ताबडतोब समजले. इतके ताबडतोब समजले नसते तर मला बरे वाटले असते.

मॉरिशसमध्ये आमच्या या फ्रेंच वर्गाच्या नेमके उलट चालते. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची मुले तेथील प्राथमिक शाळांत फ्रेंच सक्तीने शिकतात, आणि मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून घेतात. तेथील एखाद्या मराठी पोराला आपली भाषा कशाला शिकायची, असे कोणी विचारीत असेल, तर त्याला माकणीच्या पालकांशी पत्रव्यवहार करण्याची मी शिफारस करीन.

परंतु आमच्या वर्गाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती संख्यावाचनाने. फ्रेंच गडी एकोणसत्तरपर्यंत सरळ मोजतो आणि तेथून पुढे बिथरतो. सत्तर म्हणजे साठ आणि दहा. ऐंशी म्हणजे चार विसा, 'कात्र-व्हँ'. आणि नव्व्याण्णव म्हणजे चार विसा एकोणीस. बेल्जम आणि स्वित्झर्लंडच्या लोकांना हा जाच सोसवेना म्हणून त्यांनी सत्तर व नव्वद यांकरिता निराळे सुटसुटीत शब्द ठेवले आहेत. माझ्या वर्गालाही तो सोसवला नसता. पण त्या दिवशी नातीला न्यायला आलेले एक वृद्ध गृहस्थ ओसरीच्या पायरीवर तंबाखू मळीत बसले होते, आणि ज्यांनी जन्मभर कडब्याच्या पेंढ्या विसाविसांनीच मोजल्या त्यांना यात अवघड काहीच दिसेना. "चार इसा म्हंजी ऐंशी. शाना मानूस हाय," असा त्यांनी समग्र फ्रेंच राष्ट्राविषयी अभिप्राय दिला.

पुढच्याच आठवडी बाजारात हे आजोबा बोकड विकावयास गेले. गिऱ्हाइके दोन होती, व्यवहार शेकड्यांत चालला होता, आणि आजोबा पंचाहत्तरवर सोडण्याच्या बेतात होते. इतक्यात ती दोघे बाजूला होऊन, ऐंशीपर्यंत जाऊ, असे कुजबुजली. पायाशी बसलेल्या नातीकडे पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. पोरीने सर्वांदेखत खणखणीत आवाजात सांगितले, "आबा, कात्र-व्हँ!"

"काय म्हनली पोरगी?" गिऱ्हाइकाने विचारले.

"देवाचं नाव घेतलं," आजोबा म्हणाले, आणि बोकड ऐंशी शेकड्यांना गेला.

तेव्हापासून नवोदयविषयी कोणी विचारीत नाही. आजोबा स्वतः येऊन बसतात. त्यांना साठ ते शंभर एवढेच फ्रेंच हवे असते, लिंगविचार निघाला की ते उठून जातात. कालच त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने माझा पत्ता काढून, आपल्या धाकट्याला मुसा गुरुजींकडे घालता येईल काय, असा निरोप पाठविला. आजोबांचे म्हणणे, जागा भरल्या म्हणून कळवावे.