पात्याचे काका

मिसिसॉगाच्या आइस रिंकवर शनिवारी पहाटे बहुतेक आईबाप टिम हॉर्टन्सचा कप छातीशी धरून उभ्याउभ्या झोपतात. एखादाच बाप मात्र पोराच्या पायातला स्केट काढून घेऊन, तो उलटा करून दिव्यासमोर धरतो आणि एक डोळा मिटतो. हा हमखास मेकॅनिकल इंजिनिअर. आमच्याकडचा तर भोसरीच्या टूलरूममध्ये घडलेला. सगळे त्यांना काकाच म्हणतात.

हॉकीचं पातं सुरीसारखं असतं, असं काकांसमोर चुकूनही म्हणू नका. पातं तीन मिलिमीटर जाड. तळाला लांबीभर उथळ खोबण, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कडा. खेळाडू वळतो तो या कडेवर. खोबण अर्धा इंच त्रिज्येची असली तर बर्फ घट्ट पकडते, पाच अष्टमांशाची असली तर जास्त घसरते. मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे असतानाही काकांनी हे मला ऐकवलेलं आहे. धार तपासायची त्यांची रीत म्हणजे अंगठ्याचं नख कडेवर अलगद ओढायचं. पांढरा भुगा निघाला तर पास. हॉकीच्या मोसमात काकांना नख कापावं लागत नाही.

बाजारात उत्तम पाती मिळतात. स्टेनलेसच्या पत्र्यातून कापायची, भट्टीत पाणी द्यायचं, घासायची, झालं! पण जे विकत मिळतं ते विकत घ्यायचं, ही गोष्ट काकांच्या रक्तातच नाही. त्यात त्यांच्या कंपनीत धातू छापणारं यंत्र आलं. आर्गॉन भरलेल्या पेटीत पोलादाच्या पुडीचा चाळीस मायक्रॉनचा थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, प्लेट तेवढीच खाली न्यायची, की पुढचा थर. साहेबाची परवानगी काढून काकांनी रविवार मिळवला.

पातं 272 मिलिमीटर, यंत्राची प्लेट 250 चौरस. पहिली अडचण हीच. मग ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं बसवलं. धातूचा प्रश्न त्याहून बिकट. 316एल छान छापतं, पण मऊ. त्याला पाणी बसत नाही. मॅरेजिंग पोलाद 490 अंशांवर सहा तास ठेवलं की मस्त कडक होतं, पण गंजतं. काकांनी गंज पत्करला. म्हणजे सामना संपला की पाती टॉवेलने कोरडी करून त्यांना तेलाचा हात फिरवायचं काम काकूंनी पत्करलं. अर्थात, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं पातं ताण काढण्याआधीच प्लेटवरून कापायला वायर-कटला गेलं. छापताना आत साठलेला ताण प्लेटवरून सुटताच बाहेर आला आणि उन्हातल्या पापडासारखी दोन्ही टोकं वर उचलली गेली. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. काकांनी गेज लावला. हॉकीच्या पात्याला लांबीत दहा फूट त्रिज्येचा बाक मुद्दाम देतात. त्याला रॉकर म्हणतात. "रॉकर फुकटात मिळाला की हो!" मापला तर सहा फुटांचा निघाला. त्यावर चिरंजीव उभे राहिले असते ते पाळण्यातल्यासारखे.

दुसऱ्याच्या पोटात त्यांनी वजन कमी करायला षटकोनी जाळी काढली. छपाईचा खरा फायदा म्हणे हाच. मिलिंग मशीनवर अशी पोकळी कोण कोरणार? फक्त न वितळलेली पूड बाहेर पडायला भोकं ठेवायची राहिली. वाचवलेलं वजन निम्म्याहून जास्त आतच बसलं. शिवाय तीन मिलिमीटरांत दोन्हीकडच्या भिंती सोडून जाळीला जागा ती किती!

तिसरं जमलं. सरळ, कडक, आणि सँडपेपरसारखं नव्हे, सँडपेपरच. कारण छापलेल्या धातूला धार नसते, खरखर असते. तेव्हा लेसर, आर्गॉन, भट्टी सगळं पार करून पातं अखेर रिंकवरच्या दुकानात, अकरावीतल्या एका पोराच्या ग्राइंडिंग व्हीलवर गेलं. च्युइंगगम चघळत त्याने चार मिनिटांत धार काढली. काका शेजारी उभे राहून ठिणग्यांचा रंग बघत होते.

चिरंजीव दोन सामने त्यावर खेळले. "कसं वाटतंय?" "ठीक आहे, बाबा." आणि मग गाडीत बसताना हळूच, "बाबा, मला फॉरवर्ड नाही खेळायचं. गोली व्हायचंय."

काकूंनी हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. नवे पॅड, नवा मुखवटा, नवे स्केट, सगळा खर्च त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. काकांनी गाडी सुरूच केली नाही. चेहरा उजळलेला.

"अगं, गोलीचं पातं चार मिलिमीटरचं असतं! जाळीला जागा झाली!"